जँगो: फॉर्ममधले रिकामे रकाने सोडून शोध कसा घ्यायचा?

प्रश्न: आर्वीकडच्या जिनिंगसाठी कापूस खरेदीची नोंदवही जँगोत (पायथन भाषेतल्या वेब फ्रेमवर्कमध्ये) केली आहे. शोधायला गाव, तारीख, ओलावा हे रकाने आहेत. गाव रिकामं ठेवलं की एकही नोंद येत नाही. भरलेल्या रकान्यांच्या प्रत्येक जोडीसाठी वेगळी क्वेरी (डेटाबेसला विचारायचा प्रश्न) लिहायची का?

उत्तर: नाही भाऊ. रिकामा रकाना रिकामी स्ट्रिंग म्हणून येतो, आणि डेटाबेस बिननावाचं गाव शोधत बसतो. फील्डला रिक्वायर्ड फॉल्स करा (म्हणजे भरणं सक्तीचं नाही), इज_व्हॅलिड ही फॉर्मची तपासणी झाल्यावर क्लीन्ड_डेटातूनच, म्हणजे तपासलेल्या माहितीतूनच, भरलेली माहिती घ्या. सुरुवात रिकाम्या क्यू()ने (जँगोत शोधाच्या अटी धरून ठेवणारी वस्तू), मग भरलेल्या अटी तेवढ्या & ने जोडा. आकड्याला नुसतं ‘इफ’ लावू नका, ० गळतो. ‘इज नॉट नन’ (म्हणजे रकाना रिकामा नाही) तपासा.

दुसरं उत्तर: खरेदीच्या पावत्यांऐवजी (नोंदींऐवजी) शेतकऱ्यांची यादी काढत असाल तर जपा. एका शेतकऱ्याच्या पावत्या अनेक. ओलावा आणि तारीख वेगवेगळ्या फिल्टर()मध्ये लावली, तर एका पावतीचा ओलावा अन् दुसरीचीच तारीख जुळूनही नाव येतं. दोन्ही अटी एकाच फिल्टर()ला द्या, शेवटी डिस्टिंक्ट(), नाहीतर तेच नाव दोनदा दिसेल.

प्रश्नकर्ता: गाव जमलं, आभार. पण शेवटच्या तारखेच्या पावत्या येत नाहीत.

उत्तर: रकाना डेटटाइमचा (तारीख आणि वेळ दोन्हीचा) असणार. ‘एलटीई’ला (त्याइतकं किंवा कमी) नुसती तारीख दिली की त्या दिवसाची सुरुवात, म्हणजे रात्रीचे १२ धरले जातात. तारखेत १ दिवस मिळवून ‘एलटी’ (त्याहून कमी) लावा.