दहशत, दहशतवाद, आतंकवाद : कोणता शब्द कुठे?

उपसंपादक, लातूर

गोदाकाठच्या वार्ताहराची बातमी आहे : 'वाळूमाफियांचा गावात दहशतवाद, तलाठ्याला मारहाण'. मथळ्यात 'दहशतवाद' चालेल का? आणि हिंदी वाहिन्या बघून पोरं 'आतंकवादी' लिहायला लागलीत, ते चूक धरायचं का?

मराठीचे शिक्षक, परभणी

'वाद' काढा, 'दहशत' ठेवा.

दहशत अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आली. अरबीत त्या धातूचा अर्थ अचंबित होणं, भांबावणं. आपल्याकडं 'लेकरानं दहशत घेतली' म्हणतात त्यात तो अर्थ अजून जिवंत आहे : घाबरून गप्प झालेलं, अंगावर न पिणारं लेकरू. म्हणजे दहशत राहते घाबरणाऱ्याच्या मनात. 'वाद' जोडला की ती घाबरवणाऱ्याची रीत होते. मार्क्सवादात असतो तसा सिद्धांत मात्र या 'वादा'त नाही. कोणत्याही विचाराचा माणूस ही रीत उचलू शकतो, म्हणून 'दहशतवादाची विचारसरणी' ही शब्दयोजना फसवी.

षष्ठी जपून वापरा. 'बिबट्याची दहशत' यात बिबट्या घाबरवणारा. घाबरणारा सप्तमीत जातो : 'गावात दहशत'. 'गावाची दहशत' लिहिलंत तर त्या गावाला बाकीचे भितात असं होईल. 'भीती'चं तसं नाही. 'आईची भीती' म्हणजे आईला वाटणारी की आईबद्दलची, हे पुढचं वाक्य वाचल्याशिवाय कळत नाही.

वचक, जरब, दरारा हे शब्द वेगळे. पोलिसांचा वचक असावा, हेडमास्तरांचा दरारा असावा असं लोकच म्हणतात. दहशत असावी असं कुणी म्हणत नाही.

सामान्यरूप 'दहशतवाद्यांनी', 'दहशतवाद्याला'. 'दहशतवादींनी' हे हिंदी कानानं लिहिलेलं. 'दहशतवादविरोधी' एकच शब्द. 21 मेच्या, दहशतवादविरोधी दिनाच्या शपथेच्या फलकावर तो हमखास तोडलेला असतो.

'आतंक' संस्कृत आहे, अशुद्ध नाही. चरकाच्या निदानस्थानात व्याधी, आमय, गद यांच्या रांगेत आतंक येतो, रोग या अर्थानं. पण मराठीनं या कामाला दहशतवाद नेमलाय, तिथं दुसरा गडी कशाला?

वकील, नांदेड

गुरुजींना दुजोरा, कायद्याच्या बाजूनं. यूएपीएचं (बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याचं) कलम 15 आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम 113, दोन्हींत आधी हेतू बघतात : देशाची एकता, अखंडता, सुरक्षा, सार्वभौमत्व धोक्यात आणण्याचा किंवा लोकांत दहशत पसरवण्याचा. मग साधन (बॉम्ब, स्फोटकं, बंदुका, विष) आणि परिणाम. नुसती माणसं भ्याली एवढ्यानं भागत नाही. 113 लावायचं की यूएपीए, हे पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरचा अधिकारी ठरवतो, ठाण्याचा फौजदार नाही.

मी वापरतो ती कसोटी सोपी आहे. मार कुणाला बसला, धाक कुणाला बसवायचा होता आणि मागणी कुणाकडं होती, हे तीन जण वेगवेगळे निघाले तर दहशतवाद असण्याचा संभव. बाजारात स्फोट होतो, मरतो भाजी घेणारा, हादरतं सगळं शहर, झुकवायचं असतं सरकारला. तुमच्या बातमीत तलाठ्यालाच मारलं, धाकही त्यालाच आणि पंचनामा करू नको हेही त्यालाच सांगितलं. ही गुंडगिरी. कायद्याच्या मराठीत धाकदपटशा, न्याय संहितेचं कलम 351. 'मोक्का लागला' म्हणूनही दहशतवादी लिहू नका. तो 1999 चा कायदा संघटित गुन्हेगारीचा.

उपसंपादक, लातूर

आणि 'अतिरेकी'? निजामाच्या बाजूनं जुलूम करणाऱ्या रझाकारांना काय म्हणायचं?

मराठीचे शिक्षक, परभणी

पंजाब पेटलं होतं तेव्हा मराठी पेपरांत 'अतिरेकी' रुळला. त्यात टोकाचेपणा आहे, कृती नाही. 'भूमिका अतिरेकी' म्हणता येतं, त्या माणसानं दगडही उचललेला नसतो. त्याआधीच्या पिढीत हिंसक चळवळीला 'अत्याचारी' म्हणत आणि गांधीजींच्या असहकाराला 'अनत्याचारी'. आज 'अत्याचारी' त्या अर्थानं लिहाल तर वाचक भलतंच समजेल.

रझाकार हा तर उलटा फिरलेला शब्द. अर्थ स्वयंसेवक, राजीखुशीनं काम करणारा. लातूरचा वकील कासिम रझवी त्यांचा पुढारी झाला आणि 17 सप्टेंबर 1948 पर्यंत मराठवाड्यानं जे सोसलं, त्यानं मूळ अर्थ पार पुसला. आता कुणी जुलूम केला की 'रझाकारी लावली का?' इतिहास लिहिताना मात्र रझाकारच लिहा. 'दहशतवादी' घातलं की काळ सपाट होतो.

वकील, नांदेड

'दहशतवादी' हा शब्द शिक्का म्हणूनही वापरतात, हे लक्षात असू द्या. 1948 च्या जानेवारीत स्वातंत्र्यसैनिकांनी उमरीची बँक लुटली. निजामाच्या कायद्यानं तो दरोडा, आपल्या पाठ्यपुस्तकात पराक्रम. फ्रान्समध्ये तर 1793-94 च्या सरकारी कत्तलींवरूनच 'टेररिझम' शब्द निघाला, म्हणजे आधी तो राज्यकर्त्यांना लागला. संयुक्त राष्ट्रांत भारतानं 1996 मध्ये दहशतवादाविरुद्धच्या सर्वंकष कराराचा मसुदा मांडला, तो व्याख्येवरच अडलाय. म्हणून खटला चालू असेपर्यंत 'दहशतवादी कृत्याच्या आरोपाखाली अटक' असंच लिहा.

उपसंपादक, लातूर

मथळा बदलला : 'गावात वाळूमाफियांची दहशत, तलाठ्याला मारहाण'.

वकील, नांदेड

छान. आत मजकुरात जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम 353 राहिलंय. सरकारी कामात अडथळ्यासाठी हल्ला आता न्याय संहितेच्या 132 मध्ये गेला.