एलईडी बोटी दिसल्या तर तक्रार नेमकी कुणाकडे?

हर्णैकर: परवा पहाटे बाबांबरोबर होडीवर होतो. समोरचं पाणी भर दुपारसारखं उजळलेलं, मासळी उजेडाकडे ओढायला एलईडी दिवे लावलेल्या मोठ्या बोटी! आमच्या जाळ्यात चार बांगडे. 2008 च्या हल्ल्यानंतर आम्हाला ओळखपत्रं दिली, संशयास्पद बोट दिसली की कळवा म्हणाले. आम्ही कळवतोच. पण ही तक्रार नेली की या दारातून त्या दारात. काम कुणाचं?

देवगडवाला: दादा, 12 सागरी मैलांपर्यंत राज्याचा 1981 चा कायदा, म्हणजे मत्स्यव्यवसाय विभाग. पुढे 200 मैलांपर्यंत केंद्राचा अधिकार, तिथेही 2017 पासून एलईडीला बंदी आहे. जीपीएसचे आकडे, बोटीचा नंबर, वेळ लेखी द्या नि पोच घ्याच. संशयास्पद हालचालीसाठी फोन 1093, समुद्रात जीव अडकला तर तटरक्षक दलाचा 1554.

श्रीवर्धनची: 1993 साली आमच्या शेखाडीला आरडीएक्स उतरलं. रात्री समुद्रावर डोळे असतात ते होडीवाल्यांचे. मासळीच उरली नाही तर ते जातील कशाला?

हर्णैकर: नंबरावर ताडपत्री होती. जीपीएसचे आकडे आहेत, उद्याच अर्ज देतो.