पहिला गोटी (सॉकेट) पान्यांचा सेट: १०८ नगांची पेटी की ३/८ चा लहान सेट?

नवी_पेटी:
घरी एक छोटी कार आणि एक मोटरसायकल आहे. ऑइल बदलणे, बॅटरी, स्पार्क प्लग, ब्रेक पॅड आणि चाके काढणे, एवढी कामे घरीच करायची आहेत. सध्या फक्त दुतोंडी पाने आहेत. १०८ नगांची पेटी घ्यावी की ३/८ इंची ड्राइव्हचा (गोटीत बसणारा चौकोनी खुंटा ३/८ इंचाचा असलेला) लहान सेट? बारा कोनी गोटी बोल्टवर चटकन बसते, तरी सगळे सहा कोनीच घ्या म्हणतात, ते का? टॉर्क रेंच (ठरवलेला जोर झाला की क्लिक करणारा पाना) लगेच लागेल का?

तीनसुती:
३/८ चा, मिलिमीटर मापांचा, सहा कोनी सेट घ्या. नगांच्या आकड्याला भुलू नका. मोठ्या पेटीत बरेचसे नग स्क्रूड्रायव्हरचे बिट आणि एलन कीच असतात. पेटी उघडून ८ ते १९ पर्यंतचे प्रत्येक माप आहे का ते बघा. मधली काही मापे बऱ्याचदा गाळलेली असतात. गाडी जपानी बनावटीची असेल तर बहुतेक काम १०, १२, १४ आणि १७ वर निघते. युरोपीय असेल तर १०, १३, १६, १८ लागतात, शिवाय टॉर्क्सही (सहा टोकी चांदणीच्या आकाराची). एम ८ (८ मिमी जाडीचा) बोल्ट दोन्हीकडे तोच, पण डोके एकीकडे १२ चे तर दुसरीकडे १३ चे. १२ च्या डोक्यावर १३ ची गोटी चढते, आणि तिथेच बोल्ट खराब होतो.

आता कोनांचे. बारा कोनी गोटीचा जोर बोल्टच्या कोपऱ्यांवर येतो. चांगल्या बनावटीची सहा कोनी गोटी कोपऱ्यापासून जरा आत, सपाट बाजूवर धरते. गंजलेला १० चा बोल्ट बारा कोनीतून एकदा सटकला की कोपरे गोल होतात, मग सहा कोनीही नीट पकडत नाही. बारा कोनीचा फायदा अडचणीच्या जागी रिंग पान्याला होतो, कारण तो दर ३० अंशांवर बसवता येतो. रॅचेटवर (गोटी लावायचा, एकाच दिशेला पकडणारा दांडा) तो फायदा उरत नाही. रॅचेट मात्र ७२ दातांचे बघा. ते ५ अंश फिरले तरी पुढचा दात पकडते, २४ दातांच्याला १५ अंश लागतात. बॅटरीच्या क्लॅम्पशी हात जेमतेम हलतो, तिथे हा फरक कळतो.

७५ आणि १५० मिमीची एक्स्टेंशन (रॅचेट आणि गोटीच्या मध्ये लावायचे दांडे) हवीतच.

लांब_दांडा:
वरचे सगळे मान्य, पण चाकांना ३/८ चे रॅचेट लावू नका. साधा हिशेब करा. छोट्या कारचे चाकाचे नट १०० न्यूटन-मीटरच्या (आवळण्याचा जोर मोजायचे एकक) आसपास आवळलेले असतात. २०० मिमीच्या दांड्यावर त्यासाठी सुमारे ५० किलोचा जोर लागतो, ४५० मिमीच्या दांड्यावर २२-२३ किलो पुरतो. गंजलेल्या नटाला याहून जास्त लागतो, आणि तो सगळा रॅचेटमधल्या छोट्या खिट्टीवर येतो. दात तिथेच तुटतात. म्हणून १/२ इंची ड्राइव्हचा ब्रेकर बार (रॅचेट नसलेला लांब, भक्कम दांडा) आणि चाकाच्या नटाच्या मापाची एक खोल, सहा कोनी गोटी वेगळी घ्या. माप १७, १९ किंवा २१ असू शकते, आधी आपला नट तपासा. नट ढिले करायचे ते चाक जमिनीवर असताना. गाडी उचलल्यावर जोर लावलात तर जॅक सरकतो.

इम्पॅक्ट गनला (ठोके देत नट फिरवणारे यंत्र) चकचकीत क्रोमच्या गोट्या कधीच लावू नका, त्या तडकून तुकडे उडतात. गनसाठी काळ्या इम्पॅक्ट गोट्याच हव्यात.

दोनचाकी_दुरुस्ती:
मोटरसायकलसाठी वेगळा विचार करा. इंजिनच्या कव्हरचे एम ६ बोल्ट ॲल्युमिनियममध्ये बसलेले असतात. त्यांना साधारण १० न्यूटन-मीटरच पुरतो. लांब रॅचेटने हातापर्यंत अंदाज पोचत नाही आणि आटे निघून येतात. ८ आणि १० चे टी-पाने किंवा १/४ चे छोटे रॅचेट घ्या. बोल्ट आधी बोटांनी पूर्ण लावून मग कोपऱ्याकोपऱ्याने आवळा.

प्लगची गोटी आतून रबर असलेली घ्या. कारमध्ये बहुधा १६ किंवा २१ ची लागते, मोटरसायकलला १६ किंवा १८ चीही. इंजिन गार असतानाच प्लग काढा. बसवताना सुरुवातीचे फेरे रॅचेट न लावता, नुसते एक्स्टेंशन बोटांनी फिरवून द्या. तिरका गेला तर लगेच अडतो, तिथेच थांबून उलटा फिरवा. वॉशरवाला नवा प्लग हाताने टेकला की साधारण अर्धा फेरा पुरतो.

नवी_पेटी:
मग टॉर्क रेंच नंतर घेतला तर चालेल?

तीनसुती:
चाकांसाठी लवकर घ्या, १/२ चा, ४० ते २०० न्यूटन-मीटरचा. एम ६ बोल्टसाठी तो चालणार नाही, कारण १० न्यूटन-मीटर त्याच्या मापातच नाही. आकडे गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्या. नट आळीपाळीने, समोरासमोरचे आवळत जा, क्लिक झाली की थांबा, पुन्हा दाबू नका. त्याने कधी नट सोडवू नका, आणि काम झाल्यावर स्प्रिंग सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवा. ऑइल बदलताना ड्रेन प्लग (जुने ऑइल खालून सोडायचा बोल्ट) काढताना मात्र ऑइल भरायचे झाकण आधी उघडून घ्या, आणि तांब्याचा वॉशर नवा टाका.