भूमिगत कोळसा खाणीतला दगड: वर ठेवायचा की परत खाली न्यायचा?

निवृत्त सर्व्हेअर (धागाकर्ता)
विदर्भात कोळशाचा वाद निघाला की सगळे ओपनकास्टच्या (उघड्या खाणीच्या) ओबीच्या, म्हणजे कोळशावरून काढलेल्या माती-दगडाच्या, डोंगरांवर तुटून पडतात. भूमिगत खाणीतून दगड निघतच नाही अशीच बहुतेकांची समजूत. निघतो. कोळशाच्या थरापर्यंत पोचायला इन्क्लाइन (उतरता बोगदा) वालुकाश्मातून मारावा लागतो, फॉल्ट (थर तुटून सरकलेली भेग) आडवा आला की दगडातून ड्रिफ्ट (आडवा बोगदा) काढावा लागतो, छत कोसळलं की शेल (मातकट, पापुद्र्याचा दगड) उचलावा लागतो.

साधा हिशेब मांडतो. थर १०० मीटर खोल, उतार १:५ धरला तर इन्क्लाइन सुमारे ५१० मीटर. रुंदी साडेचार मीटर, उंची तीन मीटर, म्हणजे जवळपास ६,९०० घनमीटर अखंड खडक. फुटल्यावर तो फुगतो. दीडपट धरा, म्हणजे १०,००० च्या वर. बाहेर पडायला दोन वाटा कायद्यानेच लागतात, म्हणून याचं दुप्पट. तीन मीटर उंच रचला तरी दोनेक एकर गेले.

माझं म्हणणं एवढंच की हे दोन एकर कुठले, तळाला काय, पाणी कुठून वळणार आणि हा दगड शेवटी कुठे जाणार, हे पहिला सुरुंग लागायच्या आधी नकाशावर ठरलेलं हवं. आणि गोफ, म्हणजे कोळसा काढून झालेली पोकळी, मोकळा झाला की दगड परत खाली गेलाच पाहिजे.

खाण अभियंता, चंद्रपूर
शेवटचं वाक्य मान्य नाही. इन्क्लाइनचा दगड सगळ्यात आधी निघतो, डिपिलरिंग, म्हणजे छताला आधार म्हणून ठेवलेले कोळशाचे खांब काढणं, कित्येक वर्षांनी सुरू होतं. तोपर्यंत गोफ आहेच कुठे? ढीग वर राहणारच.

दुसरं, स्टोइंग (गोफ भरणं) म्हणजे खड्ड्यात दगड लोटणं नव्हे. वाळू पाण्याबरोबर पाइपातून खाली जाते, बांबूच्या तट्ट्या आणि गोणपाटाच्या बॅरिकेडमागे बसते, पाणी झिरपून निघून जातं. या पाण्याच्या वाटेवरच सगळं अवलंबून असतं. शेल पाण्यात भिजला की चिखल होतो. चिखल पाणी सोडत नाही, मागे दाब वाढतो आणि बॅरिकेड फुटतं. खाली काम करणाऱ्या माणसांवर तो लोंढा येतो. पर्यावरणाच्या नावाखाली मी हा धोका पत्करणार नाही.

धागाकर्ता
शेलबद्दल तुमचं बरोबर आहे, म्हणूनच दोन वेगळे ढीग हवेत. वालुकाश्म क्रशरमधून काढला, चाळला, धुतला की स्टोइंगला चालतो. इथल्या खाणींनी वर्षानुवर्षं कन्हान आणि वर्धेची वाळू उपसून गोफ भरले. आज नदीच्या वाळूवर काय मारामारी चालते ते सगळ्यांना माहीत आहे. वेकोलिने (वेस्टर्न कोलफील्ड्स या सरकारी कंपनीने) नागपूर जिल्ह्यात ओबीपासून वाळू करून दाखवली आहे. मग इन्क्लाइनच्या दगडाचीच का नको? पण टबमध्ये (खाणीतल्या डब्यात) एकदा शेल आणि वालुकाश्म एकत्र पडले की पुढे कुणी निवडत बसत नाही. वेगळं करायचं ते खाणीच्या तोंडाशीच.

वणीकडचा शेतकरी
दोन एकर तुम्हाला हिशेबात लहान वाटतात. माझं वावर अशाच एका ढिगाच्या उताराला आहे. जून-जुलैत नाल्याला राखाडी पाणी येतं, धुऱ्यापाशी गाळ साचतो आणि कपाशीच्या पहिल्या चार ओळी पिवळ्या पडतात. ढीग लहान की मोठा याच्याशी मला घेणं नाही, पाणी कुठं जातं ते सांगा.

अभियंता
ढिगाभोवती गारलँड ड्रेन (नाली), खाली सेटलिंग पाँड (गाळ बसायचं तळं), पायथ्याला टो वॉल (आधाराची भिंत). हे सगळं आराखड्यात असतं.

शेतकरी
आराखड्यात असतं. जमिनीवर ती नाली पहिल्याच पावसात गाळानं भरते. ती उपसायची कुणी आणि कधी, हे आराखड्यात असतं का?

भूगोलाची शिक्षिका
वेल्समधल्या अ‍ॅबरफॅनचा उल्लेख व्हायलाच हवा. तिथेही खाण भूमिगतच होती. ७ क्रमांकाचा ढीग १९५८ पासून डोंगरउतारावर, झऱ्यावर रचला गेला. २१ ऑक्टोबर १९६६ च्या सकाळी तो सुटला आणि शाळेवर आला. १४४ माणसं गेली, त्यांत ११६ मुलं. चौकशीने दोष नॅशनल कोल बोर्डावर ठेवला. उरलेले ढीग हलवायला गावाच्या मदतनिधीतून दीड लाख पौंड घेतले गेले, ते परत मिळायला १९९७ उजाडलं. मुलं गमावलेल्या आईबापांसाठी जमलेल्या पैशातून ढीग हलवले, हे वाचून आजही संताप येतो.

अभियंता
दुःखद आहे, पण तुलना चुकीची. तिथे उंच डोंगर होता, आपली जमीन सपाट.

धागाकर्ता
सपाट आहे, पण काळी आहे. काळी माती भिजली की फुगते, मऊ पडते आणि वरच्या वजनाखाली ढिगाचा पाया सरकतो. सपाट जागेवरचे ढीगही असेच बाहेर फुगून फुटतात. म्हणून आधी काळी माती पूर्ण काढायची, बाजूला जपून ठेवायची, खालच्या मुरमावर थराथराने दाबत रचायचं आणि शेवटी तीच माती वर पसरायची. शेलच्या ढिगात कोळशाचा चुरा असतो. सैल सोडला तर हवा शिरून तो आतून तापतो, धुमसतो. अ‍ॅबरफॅनचा खरा प्रश्न होता तळाला पाणी आहे का, हा. तो चंद्रपुरातही विचारावा लागतो.

अभियंता
तळ आणि दाबण्याबद्दल सहमत. क्रशरबद्दल अजूनही नाही. २०,००० घनमीटरसाठी क्रशर बसवणं, मग तोच माल पुन्हा उचलून खाली नेणं, भूमिगत कोळसा आधीच महाग पडतो. हा खर्च वाढला की खाण बंद होईल आणि शेजारी ओपनकास्ट येईल. तेव्हा दोन नाही, शेकडो एकर जातील.

शेतकरी
ही भीती आम्हाला दर जनसुनावणीत दाखवतात. क्रशर बसवा किंवा नका बसवू. नाली कुणी उपसायची, त्याचं नाव आणि मे महिन्याची तारीख त्या कागदावर लिहा. आणि पाहणीला ग्रामपंचायतीचा एक माणूस सोबत घ्या.