आफ्रिकन ग्रे ला दाण्यांवरून पेलेट्सवर कसं आणायचं? आणि पुण्याच्या पावसात पेलेट्स टिकवायचे कसे?

गुलबक्षी (कोथरूड):
नमस्कार मंडळी, आमच्याकडे आफ्रिकन ग्रे पोपट आहे, खंडू, दीर परदेशी गेले तेव्हा त्यांच्याकडून आमच्याकडे आला, नोंदणीचे कागद सगळे व्यवस्थित आहेत. लहानपणापासून त्याला सूर्यफुलाच्या बियांचीच सवय आहे, मिक्स दाणे दिले तर बाकी सगळं चोचीने उडवतो आणि फक्त सूर्यफूल वेचून खातो. सारखा शिंकत होता म्हणून पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे नेला. त्यांनी तोंड उघडून टॉर्च मारून मला पण दाखवलं, टाळूच्या फटीच्या कडेला बारीक काटेरी टोकं असायला हवीत ती याची पार बोथट झालीयेत. व्हिटॅमिन ए कमी पडतंय म्हणाले, रक्तात कॅल्शियमही काठावर आलं, औषध सुरू आहे पण खाणं बदला, हळूहळू पेलेट्सवर, म्हणजे पक्ष्यांसाठीच्या तयार खाद्याच्या गोळ्यांवर आणा असं सांगितलं.
आता प्रश्न दोन आहेत. एक म्हणजे हा पेलेटकडे खडा असल्यासारखं बघतो आणि वाटी उलटी करतो, मग आणायचं कसं? दुसरं म्हणजे जवळच्या एका दुकानातून सुटे पेलेट्स आणले, पारदर्शक पिशवीत भरलेले, वर ना कंपनीचं नाव ना तारीख, आणि थोड्याच दिवसांत त्याला कुबट वास यायला लागला, मी ते टाकून दिले. या पावसात ठेवायचे कसे? सासूबाई म्हणतायत गव्हात ठेवतो तशा पारद टिकड्या डब्यात टाक. टाकू का? प्लीज कोणीतरी नीट सांगा, खंडूचं खूप टेन्शन आलंय.

वाटसरू_डेक्कन:
एवढं टेन्शन घेऊ नका ताई. दोन दिवस दाणे पूर्ण बंद करा, वाटीत फक्त पेलेट्स ठेवा. भूक लागली की बरोब्बर खातो, आमच्या ओळखीत एकाने असंच केलंय.

पिसारा (औंध):
वाटसरू दादा, राग मानू नका पण हा सल्ला कोणीही पाळू नये म्हणून लगेच लिहितेय. ज्या पोपटाने आयुष्यभर दाणेच खाल्लेत त्याला पेलेट हे अन्न आहे हेच कळत नाही, तो समोर भरलेली वाटी असून उपाशी बसतो. छोट्या पक्ष्यांचं, म्हणजे बजी, कॉकटील यांचं तर एक-दोन दिवसांत बरंवाईट होऊ शकतं, आणि ग्रे मोठा असला तरी नुसत्या सूर्यफुलावर वाढलेल्या पक्ष्याच्या लिव्हरवर बऱ्याचदा चरबी असते, त्याला उपास अजिबात झेपत नाही. उपाशी ठेवून पेलेट्सवर आणणं, हे डोक्यातून काढूनच टाका.

गुलबक्षी ताई, तुम्ही सगळ्यात आधी वजनकाटा आणा. पेलेट्सच्याही आधी. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा चालतो, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा हवा, बोहरी आळीत मिळेल नाहीतर ऑनलाइन. रोज सकाळी, त्याने शी केल्यावर आणि काही खायच्या आधी वजन घ्यायचं आणि वहीत लिहायचं. ग्रे साधारण ४०० ते ५०० ग्रॅमच्या आसपास असतो, समजा तुमचा ४५० आहे, तर ४०५ म्हणजे दहा टक्के गेले, तिथपर्यंत जाऊच द्यायचं नाही, वजन सलग उतरताना दिसलं की दाणे परत वाढवायचे आणि डॉक्टरांना फोन करायचा. पिसांमुळे पोपट बारीक झालेला नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून काटा.

मग पद्धत. सकाळी आणि संध्याकाळी अर्धा अर्धा तास नेहमीचे दाणे, मोजून, आणि मधल्या वेळात पिंजऱ्यात फक्त पेलेट्स आणि भाजी. दुपारी जरा भूक असते तेव्हा तो चोच मारून बघतो. दाण्यांचं माप दर आठवड्याला थोडं थोडं कमी करायचं, पण वहीतलं वजन जागेवर असेल तरच. याला काही आठवडे लागतात, ग्रे असेल तर काही महिने पण लागू शकतात, ग्रे जात मुळात नव्या गोष्टीला घाबरते. सुरुवातीला पेलेट खलबत्त्यात कुटून त्याची पूड त्याला आवडणाऱ्या ओल्या गोष्टीवर भुरभुरवा, मोड आलेले मूग, डाळिंबाचे दाणे, वाफवलेलं रताळं काहीही. कोमट पाण्यात भिजवून मऊ करून द्या, बऱ्याच पक्ष्यांना ते आवडतं. पण मायक्रोवेव्ह नको, त्यात मधेच एखादा भाग चटका बसेल इतका गरम राहतो, आणि नॉनस्टिक तव्यावर तर बिलकुल गरम करू नका, तो तवा जास्त तापला की निघणारा वायू पक्ष्यांना मारतो, शेजारच्या खोलीत असले तरी. भिजवलेलं दोन तासांत उचलून टाकायचं.

आणखी एक, तुम्ही त्याच्यासमोर बसून खा. खरंच. बशीत दोन पेलेट घ्या, आवाज करत चावल्यासारखं करा, त्याला देऊ नका. ग्रे ला आपल्या माणसांच्या ताटातलंच हवं असतं.

आजोळ_सातारा:
माझ्या आजोबांच्या वाड्यात पोपट होता, हिरवी मिरची, भिजवलेली हरभरा डाळ, पेरू, कधी पोळीचा तुकडा, यावर कित्येक वर्षं छान जगला, शीळ घालायचा. हे पेलेट वगैरे कंपन्यांनी काढलंय असं मला मनापासून वाटतं. घरचं अन्न द्या की.

पिसारा (औंध):
आजोळ, घरचं द्यायचंच आहे, नाही कुठे म्हटलंय. पेलेट्स साधारण साठ-सत्तर टक्के आणि बाकी ताजं, असंच बहुतेक पक्षीडॉक्टर सांगतात. पेरू, मिरची बिनधास्त द्या, मिरचीचा तिखटपणा पोपटांना लागतच नाही. व्हिटॅमिन ए साठी गाजर, लाल भोपळा, रताळं, लाल ढबू मिरची, शेवग्याची पानं, हे सगळं मंडईत स्वस्तात मिळतं आणि खंडूला आत्ता याचीच गरज आहे. पालक कधीतरीच द्या, त्यातल्या ऑक्झॅलेटमुळे कॅल्शियम नीट मिळत नाही. चिवडा, बिस्किट, चहा, चॉकलेट, कांदा-लसूण नको, आणि ॲव्होकॅडो तर विषच.
पण ग्रे नीट सांभाळला तर चाळीस-पन्नास वर्षं जगणारा पक्षी आहे. नुसत्या सूर्यफुलावर तो दिसायला ठणठणीत दिसतो आणि आतून पोखरत जातो. सोललेल्या बीमध्ये निम्मं तेल असतं, कॅल्शियम जवळजवळ नाही, आणि कॅल्शियम उतरून फिट्स येणं हे ग्रे मध्ये खूप बघायला मिळतं. म्हणून कॅल्शियम अंगी लागायला सकाळचं कोवळं ऊनही द्या, काचेच्या खिडकीतलं नाही, काच अल्ट्राव्हायोलेट बी अडवते. गॅलरीत पिंजरा ठेवा, अर्ध्या भागाला सावली ठेवा, स्वतः शेजारी बसा, वर घारी फिरत असतात.

कॉन्युअरची_आई (सिंहगड रोड):
साठवणुकीचं मी सांगते, माझ्याकडे दोन सन कॉन्युअर पोपट आणि एक कॉकटील आहे आणि आमच्याकडे पावसाळ्यात भिंतींना ओल येते.

पारद टिकड्या अजिबात नाही ताई!! सासूबाईंना प्रेमाने समजावा, त्यात पारा असतो, गहू आपण निवडून धुऊन दळतो, पेलेट तर तो थेट खाणार आहे. बोरिक पावडर, डांबर गोळ्या, एरंडेल यातलं काहीही नको, त्याच कपाटात पण नको.

सुटे पेलेट्स घेऊच नका. कधी फोडलेत, किती दिवस उघडे होते, काही कळत नाही. सीलबंद पाकीट घ्या, तारीख बघा आणि लहान घ्या. ग्रे रोज साधारण पंचवीस-तीस ग्रॅम खातो, म्हणजे किलोचं पाकीट महिना-सव्वा महिना पुरतं, फोडल्यावर एवढ्याच मुदतीत संपायला हवं. मोठी पिशवी स्वस्त पडते म्हणून मोह होतो पण फोडल्यावर त्यातलं तेल खवट व्हायला लागतं आणि व्हिटॅमिन ए, ई उडत जातं, आणि आपण तर व्हिटॅमिनसाठीच पैसे मोजतोय. मोठी घेतलीच तर मैत्रिणीबरोबर वाटून घ्या. पॅकवर मेंटेनन्स, म्हणजे रोजच्या खाण्याचं, असं लिहिलेलं घ्या, उदाहरणार्थ न्यूट्रिबर्ड ब्रँडमध्ये पी१५ रोजचं आणि पी१९ ब्रीडिंगसाठी, त्यात प्रोटीन जास्त असतं.

पेलेट पाकिटातून ओतून काढू नका. पाकिटातली हवा दाबून काढायची, क्लिप लावायची आणि ते पाकीट तसंच्या तसं घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, म्हणजे तारीख पण समोर राहते. डबा गॅसपासून आणि खिडकीपासून लांब. आठवड्याचे पेलेट्स एका छोट्या बरणीत काढा, मोठा डबा रोज उघडायचा नाही, कोरडा चमचा, ओला हात नाही. बरणी संपली की धुऊन पूर्ण वाळवून मगच परत भरा, तळाशी जुना चुरा असतो त्यावर नवीन घालू नका, बुरशी तिथूनच सुरू होते. आणि ग्रे ला ॲस्परजिलस बुरशीचा फुफ्फुसाचा आजार पटकन होतो म्हणून कुबट वास आला की चाळून-वाळवून वापरायचं नाही, टाकायचं, तुम्ही टाकलंत ते उत्तम केलंत. टरफलासकट शेंगदाणेही याच कारणासाठी बंद करा.

जून ते सप्टेंबर मी पाकिटं फ्रीझरमध्ये ठेवते. पतंगाची अंडी असतील तर तीन-चार दिवसांच्या थंडीत मरतात, जाळी धरत नाही. फक्त बाहेर काढल्यावर लगेच उघडायचं नाही, रात्रभर बंदच राहू द्यायचं, नाहीतर गार पेलेट्सवर बाहेरच्या दमट हवेचं पाणी धरतं आणि सगळी मेहनत वाया.

नवशिका_बावधन:
थोडं विषयांतर, पण विचारतो. सोसायटीत एक साधा हिरवा पोपट जखमी सापडलाय, पंख लोंबतोय. त्याला पण हेच पेलेट्स देऊन घरी ठेवला तर चालेल का? मुलांना फार आवडलाय.

पिसारा (औंध):
घरी ठेवू नका दादा. आपला हिरवा पोपट वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली येतो, पाळणं गुन्हा आहे. तुमच्या बावधनलाच रेस्क्यू संस्थेचं वन्यप्राणी उपचार केंद्र आहे, नाहीतर वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करा. तोपर्यंत हवेला भोकं असलेल्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवा, तोंडात पाणी ओतू नका. आणि ज्यांच्याकडे परदेशी पक्षी आहेत त्यांनी सरकारच्या परिवेश पोर्टलवरची नोंदणी बघून घ्या, ग्रे तर साइट्स या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट एकमध्ये आहे.

गुलबक्षी (कोथरूड):
खूप खूप आभार सगळ्यांचे, कॉन्युअरची आई तुमचा मेसेज सासूबाईंना वाचून दाखवला, त्यांनी स्वतःच टिकड्या उचलून ठेवल्या. काटा आणला, खंडू ४३८ भरला. पेलेट्स सीलबंद आणलेत. आज दुपारी वाटी निम्मी रिकामी दिसली, मी खूश झाले पण खाली ट्रेमध्ये सगळा चुरा पडलाय आणि पाण्याच्या वाटीत तर पेजच झालीये. मग हे खाल्लं म्हणायचं का? आणि शीचा रंग बदलला तर घाबरायचं का? व्हिटॅमिनचे थेंब पाण्यात घालते ते चालू ठेवू ना?

पिसारा (औंध):
फोडतोय म्हणजे चव बघतोय, चांगली सुरुवात आहे, पण खाल्लं असं अजून धरू नका. ट्रेमधला चुरा काट्यावर टाका, वाटीत घातलेल्यातून वजा करा, पाण्यात गेलेलंही अंदाजाने वजा करा, उरलं ते पोटात. ग्रे पाण्यात बुडवून खातातच, तुम्ही पाणी दिवसातून तीनदा बदला, वाटी घासून.
पेलेट्स पोटात जायला लागले की शी तपकिरी होते, रंगीत पेलेट असेल तर त्या रंगाची, त्याला घाबरू नका. शी एकदम कमी झाली, अगदी थोडी गडद हिरवी पडायला लागली, तर तो खात नाहीये, त्याच वेळी दाणे द्या आणि डॉक्टरांशी बोला.
थेंबांचं मी मनाने सांगणार नाही, त्याची तब्येत आधीच नाजूक आहे. पेलेटमध्ये व्हिटॅमिन्स घातलेलीच असतात आणि वरून थेंब दिले तर डी३ जास्त होऊन किडनीला त्रास होतो, म्हणून डॉक्टरांना दोन्ही पाकिटांचे फोटो पाठवा आणि पेलेट किती ग्रॅम जातायत तो आकडा कळवा, त्यावरून ते सांगतील थेंब कधी थांबवायचे. आणि काट्यावर एक छोटी आडवी दांडी बसवून घ्या, नुसत्या सपाट काट्यावर पोपट सरळ उभा राहत नाही, आकडा हलतो.