कागलात मत नक्की कशावर ठरतं? पक्ष, गट का पै-पाहुणे?

कागलची_सून
माझं माहेर नाशिक, लग्न होऊन कोल्हापूर जिल्ह्यातल्या कागलात आले त्याला चार वर्षं झाली. कागल म्हणजे राजकारणाचं विद्यापीठ असं ऐकून होते पण आता घरातच बघतेय आणि खरंच डोकं गरगरतं. मे 2024 ला लोकसभेला सासऱ्यांनी शिवसेनेच्या संजय मंडलिकांचं काम केलं, तेव्हा इथले आमदार हसन मुश्रीफ आणि त्यांचे विरोधक समरजित घाटगे दोघंही मंडलिकांच्याच बाजूला होते. नोव्हेंबरला विधानसभेला तेच दोघं एकमेकांसमोर उभे राहिले आणि आमच्या गल्लीत दोन घरांचं येणंजाणं बंद झालं, एका वास्तुशांतीला चुलत सासरे हात धुवून पंगतीत बसलेले तसेच उठून गेले. आणि डिसेंबर 2025 ला नगरपालिकेला मुश्रीफ-घाटगे एकत्र आणि मंडलिक समोर! ती दोन घरं मात्र अजून बोलत नाहीत.
दरवेळी आदल्या रात्री सासरे सांगतात कुणाला द्यायचं आणि सात मतं एकगठ्ठा जातात. मला माझं मत स्वतः ठरवायचंय, पण घरात वाद नकोय. इकडं सगळ्यांकडंच असं असतं का?

दूधगंगाकाठ
ताई, तुम्ही पक्ष धरून बघताय म्हणून गोंधळ होतोय. आमच्याकडं आधी गट, मग पै-पाहुणे, पक्ष लई नंतर. आणि गट म्हणजे नुसता नेता नव्हं, गट म्हणजे दूध संस्था, सेवा संस्था, कारखाना, जिल्हा बँक, सगळं एकाला एक बांधलेलं. दहा दिवसाला दुधाचं बिल येतं, दिवाळीला दुधाच्या दराचा फरक येतो, पीककर्ज सेवा संस्थेतनं उचलायचं, ऊसाची नोंद कारखान्यात, मग त्या माणसाला आमदारकीला नाही म्हणायला जीभ उचलत नाही. 2019 च्या लोकसभेला सतेज पाटील काँग्रेसचे, तरी आघाडीच्याच, राष्ट्रवादीच्या धनंजय महाडिकांविरुद्ध 'आमचं ठरलंय' म्हणून उघड उतरले आणि शिवसेनेचे मंडलिक निवडून आले. 2021 ला गोकुळला, म्हणजे जिल्ह्याच्या दूध संघाला, सतेज पाटील आणि मुश्रीफ यांच्या पॅनेलनं 21 पैकी 17 जागा घेतल्या. त्यात मतदान तुमच्या-माझ्यासारख्या दूध घालणाऱ्याचं नसतंय, संस्थेत दोनशे सभासद असले तरी मत एकच, संस्थेनं ठराव करून ज्याचं नाव दिलं त्याचं. म्हणून ठराव कुणाच्या नावावर करायचा यावरनं गावात जेवढी भांडणं होतात तेवढी सरपंचकीवरनं पण होत नाहीत.
माझा स्वतःचा अनुभव सांगतो. एका वर्षी वडील कारखान्याच्या निवडणुकीत विरोधी पॅनेलच्या सभेत पुढं बसले. त्या हंगामात आमच्या दीड एकराला ऊसतोडीची टोळी दीड महिना उशिरा आली, ऊसाला तुरा येऊन कांड्या आतनं पोकळ झालेल्या. कोण तोंडानं काही बोललं नाही, पण वडिलांना कळायचं ते कळलं. तेव्हापासनं ते मत बोलून दाखवत नाहीत. तुमच्या सासऱ्यांवर रागावू नका, त्यांनी सात मतं एकत्र ठेवली म्हणूनच त्यांचा शब्द चालत असणार.

चंदगडी
आम्ही मुंबईत राहतो तर मतदानाला गावाकडनं गाड्या लावून नेतात, रात्री निघायचं सकाळी बटण दाबायचं परत निघायचं. ईर्षा हो, दुसरं काय! 2024 ला विधानसभेला आपल्याच जिल्ह्यातल्या करवीरमध्ये 84 टक्क्यांच्या वर मतदान झालं ते उगीच नाही.

शाळामास्तर
मी शिक्षक आहे, केंद्रावर बरेचदा ड्यूटी केलीय म्हणून ठामपणे सांगतो, मशीनच्या आडोशाला तुम्ही गेलात की तिथं सासरे नाहीत, गट नाही. कोणी कुणाला दिलं हे कुणालाच कळत नाही, 'आम्हाला आतनं कळतं' म्हणणारे नुसती भीती घालतात. एकदा एक म्हातारी आली, डोळे चांगले, चालणं चांगलं, पण मुलगा म्हणाला तिचं मी दाबतो. सोबती फक्त अंध किंवा स्वतः बटण दाबू न शकणाऱ्याला मिळतो, म्हणून त्याला दारात थांबवलं. म्हातारी आत गेली, चांगली दोन-तीन मिनिटं घेतली (नगरपालिकेला बहुतेक प्रभागात तीन बटणं असतात, नगराध्यक्षाचं एक आणि नगरसेवकांची दोन) आणि बाहेर येताना शाईचं बोट पदरात धरून माझ्याकडं बघून हसली. मुलगा विचारत होता, कुणाला दिलंस? ती म्हणाली, तू सांगितलास तसंच. मला आजपर्यंत माहीत नाही तिनं काय केलं, आणि ते तसंच असायला पाहिजे.
दूधगंगाकाठ, तुमचं ऊसाचं वाचून वाईट वाटलं, पण सात मतं एकत्र ठेवली पाहिजेत हे पटत नाही. घरातल्या बाईचं मत हे घराचं भांडवल नाही.

दूधगंगाकाठ
मास्तर, बरोबर आहे तुमचं. माझ्याही आईला आम्ही कधी विचारलं नाही, खरंच नाही.

कागलची_सून
मनापासून आभार सगळ्यांचे. ठरावाचं वाचून एक गोष्ट लक्षात आली. सासूबाई आमच्या दूध संस्थेत महिला राखीवमधून संचालक आहेत, पण मीटिंगला त्या कधी गेल्याच नाहीत, सचिव प्रोसिडिंगचं रजिस्टर घरी घेऊन येतो आणि त्या चुलीपुढं हात पुसून सही करतात. काल मी विचारलं, आई, गोकुळचा ठराव मागच्या वेळी कुणाच्या नावावर केलात? त्यांना माहीतच नव्हतं. मग बराच वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, पुढची मीटिंग कधी आहे ते सचिवाला विचार. मी विचारलंय. मीच गाडीवरनं सोडणार आहे त्यांना.