झाकण बंद केलं तरी रात्रीत ३२ टक्के बॅटरी उतरते, एस३ (जुनी गाढ 'स्लीप') मिळवता येईल का?

वळणवाट
विंडोज ११, १६ जीबी रॅम, बॅटरी ५० वॉट-तासांची. रात्री ११ ला ९० टक्के असताना झाकण लावलं, सकाळी ७ ला ५८. लॅपटॉप बॅगेत कोमट लागतो. 'पॉवरसीएफजी /ए' (कुठल्या झोपा उपलब्ध आहेत ते दाखवणारी आज्ञा) मध्ये फक्त 'एस० लो पॉवर आयडल' उपलब्ध दिसतं. एस३ खाली फर्मवेअरचा (मशीनमधल्या मूळ सॉफ्टवेअरचा, म्हणजे बायॉसचा) आधार नाही असं येतं. रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जच्या नोंदींत) 'प्लॅटफॉर्मएओएसीओव्हरराइड' शून्य करा, असं बऱ्याच ठिकाणी वाचलं. करू का?

खटका
नका करू. ती नोंद विंडोजला फक्त 'एस० वापरू नकोस' एवढंच सांगते, फर्मवेअरमध्ये नसलेला एस३ आणून देत नाही. तुमच्या मशीनवर रीस्टार्टनंतर मेनूतला 'स्लीप' हा पर्यायच गायब होईल. केलीच असेल तर ती नोंद पुसून पुन्हा रीस्टार्ट करा.

आता हिशोब बघा. ३२ टक्के म्हणजे १६ वॉट-तास, ८ तासांत, म्हणजे सरासरी २ वॉट. एस३ मध्ये प्रोसेसर बंद असतो आणि वीज मुख्यतः रॅम जिवंत ठेवण्यापुरती लागते. ते सहसा अर्ध्या वॉटच्या आत भागतं. एस० मध्ये मात्र मशीन तांत्रिकदृष्ट्या चालूच असतं. पडदा बंद, आणि प्रत्येक घटकाने आपापली डुलकी घ्यायची. एकजण जागा राहिला की अख्खी चिप जागी. बॅग कोमट लागते ती त्यामुळेच.

तारायंत्र
कोण जागं आहे ते आधी शोधा. ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पॉवरसीएफजी /स्लीपस्टडी' (आज्ञा अर्थात रोमन लिपीत). ज्या फोल्डरमध्ये असाल तिथे एचटीएमएल अहवाल तयार होतो, मुळात ३ दिवसांचा. रात्रीच्या सत्रावर क्लिक करून दोन टक्केवाऱ्या बघा, सत्रातला किती वेळ खरी गाढ डुलकी लागली त्या: सॉफ्टवेअरची आणि हार्डवेअरची. सॉफ्टवेअरचीच कमी असेल तर एखादा ड्रायव्हर (उपकरण चालवणारं सॉफ्टवेअर) किंवा प्रोग्राम जागा आहे. ती ९० च्या वर आणि हार्डवेअरची पडलेली असेल, तर चिपसेट ड्रायव्हर, बायॉस नाहीतर एखादं जोडलेलं उपकरण. खाली 'टॉप ऑफेंडर्स'ची, म्हणजे सर्वात जास्त जागं ठेवणाऱ्यांची, यादीही असते.

वळणवाट
सॉफ्टवेअर ९६, हार्डवेअर ११. यादीत वरती ऑडिओ कंट्रोलर.

तारायंत्र
मग ऑडिओ आणि चिपसेट, दोन्ही ड्रायव्हर लॅपटॉपच्या कंपनीच्या पानावरून घ्या, विंडोज अपडेटने दिलेले नकोत. सोबत बायॉस. एका वेळी एकच बदला आणि प्रत्येकानंतर एक रात्र मोजा, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही. यूएसबीचा माऊस-डोंगल काढून एक रात्र बघाच, तो फुकटचा प्रयोग आहे.

खटका
तोवर हायबरनेट. 'पॉवरसीएफजी /हायबरनेट ऑन' द्या, मग कंट्रोल पॅनल, पॉवर ऑप्शन्स, 'झाकण बंद केल्यावर काय करायचं', बॅटरीवर: हायबरनेट. हा एस४. रॅममधलं सगळं डिस्कवर लिहून वीज जवळपास पूर्ण तुटते. हे जिच्यात लिहिलं जातं ती हायबरफिल फाइल सहसा रॅमच्या ४० टक्के, म्हणजे तुमच्याकडे सुमारे ६.४ जीबी. सी ड्राइव्हवर तेवढी जागा हवी. एसएसडी झिजेल म्हणून घाबरू नका, दिवसातून दोनदा लिहिल्याने काही होत नाही.

दर वेळी हायबरनेट जाचत असेल तर झाकणावर स्लीपच ठेवा आणि 'पॉवरसीएफजी /चेंज हायबरनेट-टाइमआउट-डीसी ६०' द्या. म्हणजे बॅटरीवर तेवढ्या वेळाने मशीन आपोआप हायबरनेट होईल. आकडा मिनिटांचा.

पेंग्विनदादा
लिनक्सवाल्यांसाठी: 'कॅट /सिस/पॉवर/मेम_स्लीप'. उत्तरात 'एस२आयडल' (एस० सारखी हलकी झोप) आणि 'डीप' (एस३) दोन्ही असतील तर चौकटी कंसातला सध्याचा. 'डीप' दिसत असेल तर कर्नल पॅरामीटरमध्ये (लिनक्स सुरू होताना दिल्या जाणाऱ्या सूचनांत) 'मेम_स्लीप_डिफॉल्ट=डीप' टाका. नसेल तर आधी बायॉसमध्ये 'स्लीप स्टेट' शोधा. २०१८ च्या काही थिंकपॅडमध्ये तिथे 'लिनक्स' निवडलं की एस३ मिळतो. नव्या बहुतेक मशीनमध्ये हा पर्यायच नाही, तिथे एस४ वरच भागवावं लागतं. आणि स्वॅप (रॅममधलं उतरवायला डिस्कवर राखलेली जागा) रॅमपेक्षा लहान असेल तर तोही ऐन वेळी दगा देऊ शकतो.